कॅरियर ढिलं झालंय

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात सायकलने ऑफिसला जाणाऱ्या माणसाबद्दल लोक दोनच गोष्टी समजतात. दारू पिऊन गाडी चालवल्यामुळे पोलिसांनी त्याचं लायसन्स काढून घेतलंय, नाहीतर बायकोने गाडी काढून घेतलीय. यशोधनच्या बाबतीत मराठी मंडळात दोन्ही मतांचे गट होते. सुवर्णाकाकू पहिल्या गटाच्या. गणपतीच्या आरतीनंतर त्या यशोधनच्या हातावर तीर्थसुद्धा जरा बेतानेच घालायच्या.

वास्तविक यशोधन कोकमापलीकडे काही पीत नव्हता. त्याच्याकडे लायसन्स होतं आणि गाडीही होती. ती अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बर्फाखाली सुखाने पडून असायची. त्याला सायकल आवडायची, इतकंच. पण हे कारण या गावात कोणालाही पटण्यासारखं नव्हतं. इथले निम्मे लोक गाड्या बनवतात आणि उरलेले निम्मे त्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. यशोधन दुसऱ्या निम्म्यातला. त्याची कंपनी गाडीची सीट गरम करणारं सॉफ्टवेअर बनवायची. जानेवारीच्या सकाळी भुवयांना बर्फ लागलेल्या अवस्थेत आत यायचं आणि मग दिवसभर अनोळखी लोकांच्या बुडाला ऊब कशी लागेल याची काळजी वाहायची, असा त्याचा दिनक्रम होता. यातला विनोद आजूबाजूच्या सगळ्यांना दिसत होता. यशोधनला नव्हता.

सायकल साधीसुधी नव्हती. टूरिंगची होती, म्हणजे लांबच्या प्रवासाची. लेक मिशिगनला पूर्ण प्रदक्षिणा घालायची, असा संकल्प सोडून त्याने ती अमेरिकेत आल्या आल्याच घेतली होती. प्रदक्षिणा अजून निघालेली नाही, कारण सायकल अजून तयार नाही. आधी तिचं सीट टोचतं म्हणून बदललं. हिवाळ्यात घसरू नये म्हणून बारीक खिळे असलेले टायर आले. ते मडगार्डला घासायला लागले, म्हणून रुंद मडगार्ड आले. रुंद मडगार्डने मागचा दिवा झाकला, म्हणून नवा दिवा आला. नव्या दिव्याला चाकातला डायनॅमो लागतो, म्हणून चाक आलं, आणि त्या चाकाला जुने ब्रेक चालेनात. हँडलला थंडीसाठी इतके जाड मोजे चढवले की ब्रेक नेमका कुठे आहे ते आत हात घालून चाचपावं लागे. घंटी त्याच्या आईने सांगलीहून साडीत गुंडाळून आणली. डेट्रॉईटच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्याने ती वाजवून पाहिली, तेव्हा रांगेतले चार भारतीय आपोआप बाजूला सरकले.

असं होता होता मूळ सायकलीतल्या दोनच वस्तू उरल्या. एक फ्रेम आणि दुसरं मागचं कॅरियर.

हे कॅरियर प्रकरण जरा नीट सांगायला हवं. अमेरिकेत त्याला 'रॅक' म्हणतात. सायकलच्या दुकानातला माणूस म्हणायचा, इंटरनेट म्हणायचं, बायकोसुद्धा म्हणायला लागली होती. यशोधन बधला नाही. "रॅक म्हणजे स्वयंपाकघरात ताटं ठेवायची असते," तो म्हणायचा. "सायकलला असतं ते कॅरियर. मी सातवीपर्यंत त्यावर बसून शाळेत गेलोय. ज्याच्यावर माणूस बसून जातो त्याला रॅक म्हणायला मी काय पातेलं आहे?" दुकानदाराने तीनदा रॅक म्हटलं की हा चौथ्यांदा कॅरियर म्हणायचा. एकंदरीत मराठी भाषेसाठी त्याने परदेशात दिलेला हा एकमेव लढा होता, आणि शब्द इंग्रजी आहे ही गोष्ट त्याच्या लक्षात आणून देण्याची कोणाची हिंमत नव्हती.

हिवाळ्यात सायकल चालवण्यातला खरा शत्रू थंडी नव्हे. शत्रू मीठ. बर्फ वितळावा म्हणून नगरपालिका रस्त्यांवर सढळ हाताने मीठ टाकते आणि ते लोखंड खातं. त्यामुळे रोज संध्याकाळी सायकल धुवावी लागे, आणि बाहेर पाणी गोठत असल्यामुळे ती बाथटबमध्ये धुवावी लागे.

"आई, बाबा इज वॉशिंग हिज बाइक इन माय टब अगेन!" नेत्रा ओरडायची. ती आठ वर्षांची होती आणि तक्रारी फक्त इंग्रजीत करायची.

"धुऊ दे बाळा," नीलांबरी आतून म्हणायची. "मला कधी एवढ्या प्रेमाने चहाचा कप विसळून दिला नाही. निदान तिचं तरी नशीब."

धुतल्यावर सायकल ठेवायची कुठे, हा वेगळाच प्रश्न. बाल्कनीत दिसली तर इमारतीची शोभा जाते, असं अपार्टमेंटच्या ऑफिसने कळवलं. जिन्यात ठेवली तर आग लागल्यावर रहिवासी तिला अडखळतील, असंही कळवलं. आग लागल्यावर आपण सर्वांत आधी सायकलच बाहेर काढू, असं लेखी आश्वासन यशोधनने दिलं, त्यावर उत्तर आलं नाही. पण त्यानंतर त्या ऑफिसने त्याची मोठी पार्सलं घेणं बंद केलं. सायकलीचे सुटे भाग तेव्हापासून थेट कंपनीच्या पत्त्यावर यायला लागले.

सल्ले मात्र घरपोच यायचे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रीताकडे तिचे वडील शंकरराव नागपूरहून मुक्कामाला आले होते. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताखाली कोणीच उरलं नव्हतं, त्यामुळे यशोधन त्यांना देवासारखा भेटला. दिवाळीच्या सुमाराला त्यांनी कॅरियर दोन बोटांनी हलवून पाहिलं.

"अरे बाप्पा, हे हलून राहिलं ना."

"किंचित हलतं, काका. तसं चालतं."

"आमच्या खात्यातला एक कालवा असाच किंचित गळत होता," शंकरराव म्हणाले, आणि पुढे काय झालं ते सांगितलं नाही. "जुनी ट्यूब काप, आवळून बांध. दुसरं काही करू नको."

खिळेवाले टायर, डायनॅमो आणि घंटी असलेल्या सायकलला ट्यूब बांधायची ही कल्पनाच यशोधनला अपमानास्पद वाटली. त्याने जर्मनीतल्या एका कारखान्याचं कॅरियर इंटरनेटवर हेरून ठेवलं होतं. काळं, देखणं, आजन्म गॅरंटीचं. रोज रात्री नेत्रा झोपल्यावर तो त्याचे फोटो मोठे करून बघायचा. नीलांबरीला आधी वेगळाच संशय आला होता. खरं काय ते कळल्यावर तिला जास्त वाईट वाटलं.

आणि मग जानेवारीत, भर बिग बीव्हर रस्त्यावर, कॅरियरचा एक बोल्ट मिठाने खाल्ला गेला. कॅरियर एका बाजूला कलंडलं, त्यावरची बॅग रस्त्याला घासत गेली, डबा उघडला आणि वांग्याचं भरीत मिशिगनच्या शुभ्र बर्फावर पसरलं. मागच्या गाडीतल्या बाईने काच खाली करून, पोलिसांना बोलावू का, असं कळवळून विचारलं. बर्फावरचं भरीत पाहून तिला भीषण अपघात वाटला होता. यशोधनने मफलरने कॅरियर कसंबसं बांधलं आणि तो उशिरा ऑफिसात पोचला.

त्याचा मॅनेजर डग हा मनाने चांगला माणूस. यशोधनला तो पहिल्या दिवसापासून 'यॅश' म्हणायचा. टीममध्ये निम्मे भारतीय असल्यामुळे त्यांचे उच्चार आपल्याला चांगले कळतात, याचा डगला अभिमान होता. विशेषतः संग्राममुळे. संग्राम मूळचा कोल्हापूरचा, बोलायला चटपटीत आणि बढतीसाठी कायम तयारीत. तो प्रत्येक मीटिंगमध्ये 'माय कॅरियर ग्रोथ'बद्दल बोलायचा. ही माणसं कॅरियर म्हणाली की ते करिअर समजायचं, हे डगने फार पूर्वीच मनाशी पक्कं केलं होतं.

"यॅश, आर यू ओके?" त्याने कॉफीच्या मशीनजवळ विचारलं.

यशोधनच्या नाकातून पाणी येत होतं आणि भरीत गेल्याचं दुःख ताजं होतं. "नो, डग," तो म्हणाला. "माय कॅरियर इज फिनिश्ड."

डगने कप खाली ठेवला.

"दिवाळीपासूनच ढिलं झालं होतं," यशोधन इंग्रजीत सांगत राहिला. "मी दुर्लक्ष केलं. इतकी वर्षं नुसता लोड घेतोय. इट कांट टेक एनी मोर लोड."

"तू आधी का नाही बोललास?" डगचा आवाज खाली आला.

"कोणाला बोलणार? इन अमेरिका नोबडी टेक्स कॅरियर सीरियसली. इथे सगळं दिखाऊ असतं." इतक्या वर्षांचं साठलेलं आज बाहेर पडत होतं. "आता मी जर्मनीत एक बघितलंय. तिथे माणसं कॅरियर म्हणजे काय ते जाणतात. आजन्म टिकतं."

"जर्मनी," डग म्हणाला. "फायनल झालंय?"

"जवळजवळ. फक्त बायको तयार नाही."

डगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आपल्या कॅरियरबद्दल या देशात प्रथमच कोणाला तरी एवढी आस्था वाटली, म्हणून यशोधनला भरून आलं.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात विचित्र गोष्टी घडायला लागल्या. एचआरच्या कॅरलने त्याला थांबवून विचारलं, तू इथे सुखी आहेस का. हा प्रश्न यशोधनला आजवर सासूनेही विचारला नव्हता. त्याचं एक मोठं काम अचानक काढून घेतलं गेलं, 'लोड' कमी करायला म्हणून. आणि बुधवारी संग्राम लॅपटॉप घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसला.

"डगने सांगितलंय, तुझ्याकडून सगळं नीट समजून घ्यायला. केटी." संग्राम नजर चुकवत म्हणाला. "सॉरी यार. मी काही मागितलं नव्हतं हां हे."

परदेशात व्हिसावर नोकरी करणारा माणूस केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, ही दोन अक्षरं ऐकली की आधी व्हिसाची तारीख बघतो. आपलं काम दुसऱ्याला शिकवायला सांगितलं, म्हणजे आपल्या खुर्चीचे दिवस भरले.

"पण का?" यशोधनच्या तोंडून कसंबसं निघालं.

"ते मला माहीत नाही असंच मला सांगितलंय," संग्राम म्हणाला. "एनीवे, काळजी घे यार. तिकडे पण थंडी असते म्हणे."

तिकडे म्हणजे कुठे? सांगलीत? सांगलीत कसली थंडी? यशोधनला काही कळेना.

त्या संध्याकाळी घरात कोणी धड जेवलं नाही. व्हिसाची वर्षं संपत आली होती. ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीने भरायचा, आणि तो वेळेत भरला तर मुक्काम वाढणार, नाहीतर चंबूगबाळं आवरून परत. कंपनी दोन वर्षं 'नेक्स्ट क्वार्टर' म्हणत होती. आता नोकरीच गेली तर दोन महिन्यांत देश सोडायचा. नेत्राला मराठी वाचता येत नव्हतं आणि सांगलीच्या नळाला टब नव्हता.

"सायकल," नीलांबरी म्हणाली. "माझं ऐक, सगळं त्या सायकलमुळे. गाड्यांच्या कंपनीत सायकलवरून जातोस, तू काय समजतोस, त्यांना बरं वाटतं? उद्या खानावळीत डबा घेऊन गेलास तर मालक काय आरती ओवाळेल?"

"मी उद्या डगला समजावून सांगतो. सायकल हा माझा वैयक्तिक—"

"एक शब्द नाही!" ती कडाडली. शुक्रवारी सकाळी डग आणि कॅरल या दोघांनी मिळून त्याला मीटिंगला बोलावलं होतं, आणि दोघांनी मिळून बोलावणं म्हणजे काय ते तिलाही माहीत होतं. "आत गेल्यावर सायकलचा 'सा'सुद्धा काढायचा नाही. नेत्राच्या गळ्याची शपथ आहे तुला."

"व्हॉट हॅपन्ड टू माय गळा?" नेत्राने विचारलं.

शुक्रवारी यशोधन कित्येक वर्षांनी गाडीने ऑफिसला गेला. तुटकं कॅरियर वेल्डिंगला टाकायचं म्हणून बरोबर घेतलं होतं. ते कुणाच्या तरी लग्नात मिळालेल्या 'शुभविवाह' छापलेल्या कापडी पिशवीत होतं, आणि घाबरलेल्या माणसाचा हात जसा काहीतरी धरून ठेवतो तशी ती पिशवी त्याने मीटिंगच्या खोलीतही मांडीवर धरून ठेवली.

"यॅश," डगने सुरुवात केली, "वी फेल्ड यू."

यशोधनने डोळे मिटले.

"तू म्हणालास, इथे तुझं करिअर कोणी सीरियसली घेत नाही. ते माझ्या मनातून जाईना. म्हणून आम्ही वकिलांशी बोललो. तुझा ग्रीन कार्डाचा अर्ज याच आठवड्यात सुरू करतोय. संग्रामला केटी दिली ती तू खरंच गेलास तर अडचण नको म्हणून. पण आम्हाला तू जायला नको आहेस." डग पुढे झुकला. "सो टेल मी. जर्मनीचं काय?"

"जर्मनीचं?" यशोधन म्हणाला.

मग त्याने मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. शुभविवाहाच्या गणपतीखाली गंजलेल्या नळीचं टोक बाहेर आलं होतं. कॉफीचं मशीन, खांद्यावरचा हात, कॅरलचा प्रश्न, संग्रामचं 'तिकडे' हे सगळं एकामागोमाग त्याच्या डोक्यात जागच्या जागी बसत गेलं, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

यशोधन सरळ माणूस होता. दुकानातून चुकून जास्त आलेली कोथिंबीरही तो परत नेऊन द्यायचा. पिशवीत हात घालायचा, कॅरियर टेबलावर ठेवायचं आणि सगळा घोटाळा सांगून टाकायचा, असंच त्याच्या पहिल्यांदा मनात आलं. "डग, ऍक्च्युअली..." त्याने सुरुवातही केली. पण पुढचा शब्द सायकल होता. सायकल म्हटल्याशिवाय हे कॅरियर कशाचं ते सांगता येणार नव्हतं, आणि नेत्राच्या गळ्याची शपथ होती. शिवाय, खोटं कशाला बोला, त्याला भीतीही वाटली होती. त्या भीतीची त्याला लाज वाटली, आणि ती लाज काही गेली नाही.

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं. तो घसा खाकरून म्हणाला, "डग, आय विल स्टे विथ माय ओल्ड कॅरियर."

डगचे डोळे पाणावले.

"थोडं ढिलं आहे," यशोधन मनापासून म्हणाला, कारण हे सगळं अक्षरशः खरं होतं. "पण मी घट्ट बांधून घेईन."

कॅरलने हे वाक्य लिहून घेतलं. तेवढ्यात पिशवीतून एक गंजका नट गालिच्यावर पडला. डगने तो वाकून उचलला आणि आदराने त्याच्या हातात दिला.

घरी हे ऐकून नीलांबरी आधी रडली, मग इतकी हसली की वरून शंकरराव चौकशीला खाली आले. त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. ते अजिबात हसले नाहीत. "मी दिवाळीलाच म्हटलं होतं ट्यूब बांध," ते म्हणाले, आणि वर जाऊन ट्यूबचा तुकडा घेऊन आले. तो त्यांनी नागपूरहून येताना, लागला तर असावा, म्हणून बॅगेत घातला होता.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण यशोधनने बोल्ट तुटला त्याच दिवशी, भरिताच्या दुःखाच्या भरात, जर्मनीला ऑर्डर देऊन टाकली होती, आणि पत्ता ऑफिसचा होता. फेब्रुवारीत त्याच्या टेबलावर एक लांबट खोकं येऊन बसलं. त्यावर चारही बाजूंनी जर्मनी लिहिलेलं होतं.

डग येऊन खोक्याजवळ उभा राहिला. "त्यांनी काही पाठवलंय?"

"हो," यशोधन म्हणाला. "मी परत पाठवतोय."

"न उघडता?"

"न उघडता."

डगने मान हलवली. त्याने ही गोष्ट पुढे वरच्या मॅनेजरला सांगितली म्हणे.

"वेडा आहेस का तू?" नीलांबरी घरी म्हणाली. "डगला कॅरियर म्हणजे काय तेच माहीत नाही. गुपचूप बसवलं असतंस तर कोणाला कळणार होतं?"

"मला," यशोधन म्हणाला. "मी त्याला सांगितलं, जुन्या कॅरियरबरोबर राहीन. मी खोटं बोललो नाही. नवं लावलं तर मागाहून खोटा ठरेन."

"म्हणजे तुझा खरेपणा ट्यूबने बांधलाय," ती म्हणाली. पण त्या संध्याकाळी सायकल धुवायला टबमध्ये गरम पाणी तिनेच सोडलं.

अर्ज मार्चमध्ये गेला. वकिलाने फोनवर अभिनंदन केलं आणि मग ग्रीन कार्डाची रांग समजावून सांगितली. भारतीयांसाठी ती इतकी लांब आहे की तोपर्यंत नेत्राचं लग्न होईल, कदाचित तिच्या मुलांनाही तोपर्यंत मराठी येत नसेल. मुक्काम दर खेपेला वाढवून मिळेल, मुलीची शाळा सुटणार नाही, काळजी नको. तोवर फक्त इकडेतिकडे फार न हललेलं बरं, असं वकील म्हणाला. यशोधनने फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन कॅरियर दोन बोटांनी हलवून पाहिलं.

आजही डग कॉरिडॉरमध्ये दिसला की आवर्जून थांबतो. "हाउ इज द करिअर, यॅश?"

"हलतंय," यशोधन सांगतो. "पण ट्यूब चांगली आहे."

डग हसून मान डोलावतो. ट्यूब कसली ते त्याला कळत नाही, पण संग्रामला विचारून तो एकदा समजून घेणार आहे.